काम बाहेर, यंत्र आत : नोकरीचा फेरविचार करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपरी-चिंचवडमध्ये आम्ही पाच-सहा जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बसतो, नोकरी गेलेल्यांशी किंवा जाईल अशी धास्ती असलेल्यांशी बोलायला. येणाऱ्यांपैकी कुणाच्या हातात कंपनीचं पत्र असतं, कुणाच्या कानावर नुसती कुणकुण आलेली असते. मी स्वतः अकरा वर्षं एका बीपीओत, म्हणजे दुसऱ्यांची ऑफिसची कामं करून देणाऱ्या कंपनीत, परदेशी कंपन्यांची बिलं तपासून पास करत होते. माझं निम्मं काम बॉटकडे (माणसाचं कम्प्युटरवरचं काम आपोआप करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) गेलं आणि उरलेलं मनिलाला. आता भोसरीत एका लहान कारखान्याचे हिशेब बघते. रविवारी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी वकील नाही. कायद्याबद्दल इथे जे आहे ते कामगार कार्यालयाची पायरी चढण्याआधीची तयारी समजा.

आउटसोर्सिंग आणि ऑटोमेशन ही दोन वेगळी संकटं आहेत का?

दिसतात वेगळी, पण येतात एकामागोमाग. काम बाहेर द्यायचं तर आधी ते कागदावर उतरवावं लागतं: आधी काय, नंतर काय, अडलं तर कुणाला विचारायचं. एकदा काम कागदावर बसलं की मग ते पुण्यात करा, मनिलात करा, नाहीतर सॉफ्टवेअरला शिकवा.

२००९ साली आमची प्रोसेस, म्हणजे हे बिलांचं काम, पुण्यात आली तेव्हा मी ती इंग्लंडमधल्या एका बाईंकडून शिकले. तीन आठवडे त्या रोज फोनवर एकेका पुरवठादाराच्या खोडी सांगायच्या. हा तारखेच्या रकान्यात बिलाचा नंबर टाकतो, त्याची दोन बिलं एकाच नंबरची येतात, अमक्याला डिसेंबरमध्ये फोन करू नकोस, त्याचा तेव्हा गळ्यापर्यंत धंदा असतो. मी सगळं एका दोनशेपानी वहीत लिहून घेतलं. शेवटच्या शुक्रवारी विचारलं, सोमवारी किती वाजता फोन करू? त्या म्हणाल्या, सोमवारपासून मी इथे नाही. मी "ओके" म्हटलं आणि कँटीनमध्ये पेढे वाटायला गेले. त्या दिवशी माझी नोकरी पक्की झाली होती.

२०१९ मध्ये तीच वही मी दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवत होते.

मराठी माणसाला हे नवीन नाही. मुंबईतल्या गिरण्यांनी कापड विणण्याचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकवायला संपाच्या आधीच सुरुवात केली होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तरी बाजारात कापडाची टंचाई म्हणावी तशी झालीच नाही. माझे सासरे लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. संपाचा विषय निघाला की ते एवढंच म्हणायचे, "आमचे साचे बंद नाही पडले गं, ते भिवंडीला गेले."

आपलं काम जाणार हे आधी कळतं का?

बहुतेक वेळा कळतं, पण आपण कानाडोळा करतो. ऑफिसात असाल तर एक दिवस कुणीतरी गोड बोलून सांगतं की तुमच्या कामाची एसओपी (काम कसं करायचं याची लेखी पद्धत) "अपडेट" करायची आहे. मग तुमच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग सुरू होतं. कारण विचारलं तर ट्रेनिंगसाठी, असं उत्तर मिळतं. कुणी सोडून गेलं तर त्याच्या जागी माणूस येत नाही, त्याचं काम तिघांत वाटलं जातं. मीटिंगमध्ये "एफटीई सेव्हिंग" हा शब्द येतो. एफटीई म्हणजे माणूस. इंग्रजीत म्हटलं की बोचत नाही.

आमच्याकडे बॉटची चाचणी झाली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. माझ्याच कम्प्युटरवर लावला होता. मी खुर्ची मागे ओढून हात मांडीवर ठेवून बसले आणि माऊसचा बाण आपोआप फिरायला लागला. मेल उघडला, बिल उघडलं, नंबर उचलला, दुसऱ्या खिडकीत टाकला. मला जिथे चार मिनिटं लागायची तिथे पन्नासेक सेकंद. सतराव्या बिलाला तो थांबला: तारखेच्या रकान्यात बिलाचा नंबर! मला इतकं हसू आलं की टीएलने (टीम लीडरने) वळून पाहिलं. मग त्याने विचारलं, "मॅम, असे अजून किती केसेस आहेत? एक लिस्ट द्याल?" आणि मी ड्रॉवर उघडून वही काढून दिली.

कारखान्यात चिन्हं वेगळी असतात. लाइनवर स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा राहतो. कायम कामगार निवृत्त झाला की त्या जागी ठेकेदाराचा मुलगा येतो. पार्ट पकडून ठेवणारी जिग-फिक्श्चर बदलतात, पार्ट नेमका त्याच जागी नेमका तसाच बसला पाहिजे असा आग्रह सुरू होतो. हा आग्रह अनेकदा रोबोसाठी असतो. आपण तिरपा ठेवलेला पार्ट डोळ्यांनी बघून सरळ करतो, साधा रोबो तसा करत नाही.

टीव्हीवर म्हणतात ४७ टक्के नोकऱ्या जाणार. खरं आहे का?

हा आकडा २०१३ सालच्या ऑक्सफर्डच्या एका अभ्यासातला आहे. कार्ल फ्रे आणि मायकल ऑस्बोर्न यांनी अमेरिकेतले ७०२ व्यवसाय तपासले आणि म्हटलं की तिथल्या ४७ टक्के नोकऱ्या यंत्राकडे जाण्याचा धोका मोठा आहे. धोका आहे म्हणाले, जाणारच असं नाही म्हणाले, आणि तेही अमेरिकेबद्दल. पुढे २०१६ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात आख्खा व्यवसाय न धरता त्यातली कामं सुटी करून पाहिली, तर २१ देशांची सरासरी ९ टक्क्यांवर आली. एवढा फरक पडला तो मोजण्याच्या पद्धतीने. "अकाउंटंट" जातो का, असं विचारलं तर एक उत्तर येतं. अकाउंटंट दिवसभर जी वीस कामं करतो त्यातली किती जातात, असं विचारलं तर वेगळं. आपल्या उपयोगाचा आहे तो हा दुसरा प्रश्न.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची. इथे मजुरी कमी, म्हणून यंत्र उशिरा येतं, पण तोवर कंत्राट येतं. कायम माणूस, मग कंत्राटी माणूस, मग यंत्र, हा आपल्या एमआयडीसीचा क्रम. भोसरीतल्या पंधरा माणसांच्या वर्कशॉपला आजही रोबो परवडत नाही. मोठ्या कारखान्यातसुद्धा तो पगार वाचवायला येतो असं सरसकट नाही. वेल्डिंग दर वेळी सारखं हवं, पेंटशॉपच्या वाफांत माणूस नको, हीदेखील कारणं असतात.

मग सुरुवात कुठून करू?

वहीपासून. दोन आठवडे, रोज संध्याकाळी दहा मिनिटं, दिवसभरात काय केलं ते लिहा. पदनाम लिहू नका, काम लिहा. "सीनियर असोसिएट" असं लिहून काही हाती लागत नाही. "सकाळी ४० बिलं टाकली, त्यातली ६ अडली, तिघांना फोन केले, एकाने आवाज चढवला, त्याला समजावलं" असं लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: हे काम मी नवख्या पोराला फोनवरून शिकवू शकेन का? शिकवू शकत असाल तर ते जाणार, आज नाही तर चार वर्षांनी.

माझ्या बाबतीत दिवसाच्या आठ तासांपैकी पाच तास असे निघाले. राहिलेले तीन म्हणजे अडलेली बिलं सोडवणं, दुहेरी पैसे गेलेत का हे हुडकणं आणि चिडलेल्या पुरवठादाराशी बोलणं. मी स्वतःला "डेटा एंट्रीवाली" समजत होते. त्या तीन तासांनी सांगितलं की मला हिशेबातली चूक वासाने कळते. आजची नोकरी मला त्याच तीन तासांनी दिली, माझ्या बी.कॉम.ने नाही.

एक सूचना: ही वही घरी ठेवा. कंपनीच्या लॅपटॉपवर नको, आणि त्यात ग्राहकांची नावं किंवा आकडे नकोत.

मी ठेकेदाराकडे आहे. नऊ वर्षं एकाच गेटमधून आत जातोय. कंपनीने कायम करायला नको का?

माझा दीर चाकणला याच परिस्थितीत होता. नऊ वर्षांत ठेकेदार चार झाले, गेट एक, मशीन एक, सुपरवायझरही एकच.

कडू आहे, पण सांगते. २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एखाद्या कामात कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कंत्राटी कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत. पण कंत्राट नुसतं कागदावरचं, बनावट असल्याचं सिद्ध झालं तर चित्र बदलतं. ते सिद्ध करायला पुरावा लागतो आणि वर्षं लागतात. लढायचं असेल तर युनियनच्या किंवा वकिलाच्या सोबतीने लढा, एकट्याने नको.

लढा किंवा लढू नका, कागद मात्र सांभाळा: प्रत्येक ठेकेदाराची पगारपावती, गेटपासचे फोटो, ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) नंबर, पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा नंबर). ठेकेदार बदलला की नवा यूएएन काढून देतात, तो घेऊ नका, जुनाच चालू ठेवायला सांगा. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ठेकेदाराला मात्र पक्कं माहीत असतं.

एचआरने बोलावून सांगितलं, आजच राजीनामा द्या, नाहीतर टर्मिनेट करू. काय करू?

आज सही करू नका. "घरी बोलून उद्या सांगते" हे वाक्य आरशासमोर पाठ करून जा. त्या बंद खोलीत ते सुचत नाही. माझ्या वेळी टेबलावर टिश्यू पेपरचा डबा आधीच ठेवलेला होता. इतकी तयारी त्यांची असते, तर आपलीही थोडी असावी.

राजीनामा आणि कामगार कपात यांत पैशाचा मोठा फरक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेला. कपातीचा मूळ हिशेब तोच राहिला: किमान वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. नवी भर म्हणजे पुनर्कौशल्य निधी. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांइतकी रक्कम या निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. तुम्ही "स्वखुशीने" राजीनामा लिहून दिलात की यातलं काहीच लागू होत नाही. गोड बोलून राजीनामा मागण्याचं एक कारण हे.

मालकांच्या बाजूनेही एक बदल आहे, तोही माहीत हवा. कपातीसाठी सरकारची आगाऊ परवानगी पूर्वी १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला लागायची, संहितेत ती मर्यादा ३०० झाली.

मी आयटीत आहे, पदनाम मॅनेजर आहे. मला "कामगार" म्हणतील का?

पदनामाने ठरत नाही, प्रत्यक्ष कामाने ठरतं. हाताखाली माणसं नाहीत, रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, दिवसभर कोड किंवा तिकिटं हाताळता, तर व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर असलं तरी तुम्ही कायद्याने कामगार ठरू शकता, आणि मग वरचा कपातीचा हिशेब तुम्हालाही लागू होतो. खरोखर व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम असेल, किंवा देखरेखीचं काम करून १८,००० रुपयांच्या वर पगार असेल, तर या व्याख्येबाहेर जाता आणि मग नेमणूकपत्रातल्या अटींवर भांडावं लागतं. म्हणून ते पत्र आजच शोधून ठेवा. कागदाचं नशीबच असं की हवा तेव्हा सापडत नाही.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्याचा रोख मधल्या आणि वरच्या फळीवर होता. त्या रविवारी हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. तोवर येणारे बहुतेक शॉपफ्लोअरचे आणि बीपीओचे असायचे. त्या दिवशी पहिल्यांदा वाकड-बाणेरहून मोठ्या गाड्या आल्या.

हातात किती पैसे येतील?

ग्रॅच्युइटीचं गणित स्वतः करून बघा. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. समजा ही रक्कम २४,००० आणि नोकरी ९ वर्षं, तर १,२४,६१५ रुपये. यासाठी साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी लागते. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेनुसार एका वर्षानंतरही प्रमाणात मिळते. कमाल मर्यादा २० लाख.

पीएफ शक्यतो काढू नका. पगार बंद झाला की पहिला हात तिकडेच जातो, पण पेन्शनला पात्र व्हायला दहा वर्षं सेवा लागते आणि मधेच सगळं काढलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

ईएसआयसी कापत असतील (पगार २१,००० पर्यंत असेल तर कापतात), तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेबद्दल शाखेत विचारा. नोकरी गेल्यास सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला किंवा गैरवर्तनामुळे काढलेल्याला मिळत नाही. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, तेव्हा सध्याची तारीख खिडकीवर विचारून घ्या.

व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्यावी का?

वय पन्नाशीच्या पुढे, घराचा हप्ता संपलेला, मुलांची शिक्षणं मार्गी, तर विचार करण्यासारखी आहे. पंचेचाळिशीत, हप्ता चालू असताना, ती निवृत्ती नसते, एकरकमी मिळालेला काही वर्षांचा पगार असतो. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून सुमारे एक लाख लोकांनी व्हीआरएस घेतली. आमच्या ओळखीच्यांत दोन प्रकार दिसले: रक्कम मुदतठेवीत ठेवून छोटं काम धरलेले, आणि मेहुण्याच्या धंद्यात घातलेले. दुसऱ्या प्रकारातले अजून मेहुण्याशी बोलत नाहीत.

सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट करून देतो म्हणतात, दीड लाख फी आहे. घालू का?

आमच्याकडे येणाऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान मी इथे झालेलं पाहिलं आहे, नोकरी जाण्याने झालं नसेल इतकं. म्हणून जरा लांबण लावते.

नोकरी गेल्याच्या आठवड्यात माणसाला काहीतरी करतोय असं वाटायला हवं असतं, आणि क्लासवाल्याला ते नेमकं ठाऊक असतं. "आत्ता काही भरू नका, नोकरी लागल्यावर भरा" असं सांगून फॉर्मवर सही घेतात. महिन्याने कळतं की ते कर्ज होतं, एका फायनान्स कंपनीचं, आणि हप्ता चालूही झाला. क्लास आवडला नाही म्हणून सोडला तरी हप्ता सुटत नाही. एका मुलाने तर बेंचवर (कंपनीत, पण प्रोजेक्टविना) असताना एक नाही, दोन कर्जं करून ठेवली होती.

फी भरण्याआधी तीन गोष्टी करा. मागच्या बॅचच्या चार जणांचे फोन मागा, आणि ते तुम्ही निवडलेले असू द्या, त्यांनी निवडलेले नकोत. सहीच्या कागदावर "कर्ज" किंवा "लोन" हा शब्द शोधा. आणि नोकरीच्या जाहिराती उघडून बघा: तुमच्याइतका अनुभव असलेला पण त्या क्षेत्रात नवखा माणूस कुणी मागतंय का? "डेटा सायंटिस्ट, ० वर्षं, वय ३८" अशी जाहिरात मला तरी अजून दिसलेली नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सगळं पुसून नव्याने सुरुवात करण्यापेक्षा एक पाऊल बाजूला सरका. जे क्षेत्र ओळखता ते सोडू नका, त्यातलं काम बदला. इन्शुरन्सचे क्लेम टाकत होतात, तर क्लेममधली फसवणूक शोधणाऱ्या टीमकडे बघा. कॉल घेत होतात, तर चॅटबॉट चुकीचं उत्तर देतो तेव्हा ते कुणीतरी पकडावं लागतं, आणि ग्राहक खरं काय विचारतोय हे तुम्हाला कळतं. बॉट बसवणाऱ्या टीमलाही प्रोसेस माहीत असलेला माणूस हवा असतो. आमच्यातली एक मुलगी अशीच तिकडे गेली. तिला कोडिंग जेमतेम येतं, पण बॉट कुठे अडेल हे ती आधीच सांगते.

मी वेल्डर आहे. लाइनवर रोबो आले. आता काय शिकू?

रोबोला शिकवणं शिका. हातात धरायचा जो कंट्रोलर असतो, टीच पेंडंट, त्यावर रोबोला टाका कुठून कुठवर मारायचा हे दाखवावं लागतं. इंजिनिअर पोरगं बटणं दाबतं, पण जॉब कुठे वाकडा होईल, कुठे करंट कमी हवा, हे वेल्डरला माहीत. माझ्या दिराने असंच केलं. सेकंड शिफ्टला मेंटेनन्सवाल्याच्या मागे मागे राहिला, त्याला चहा पाजला, पेंडंट हातात धरायला मागितला. वर्षभराने रोबो अडला की सुपरवायझर आधी त्याला हाक मारायला लागला. ठेकेदारीवरच होता अजून, पण त्या अनुभवावर रांजणगावच्या एका कारखान्यात कायम म्हणून लागला.

चाकणमध्ये हे सगळं कालपरवाचं नाही. बजाज ऑटोच्या तिथल्या कारखान्यात माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे लहान रोबो, ज्यांना कोबॉट म्हणतात, २०१० पासून यायला लागले.

इलेक्ट्रिशियन किंवा फिटर असाल तर पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा कंट्रोलर) शिका. आयटीआय झालेल्यांना पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं. नोकरी सांभाळून पदवी पुरी करायची तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे.

वय ४२ आहे. कोण घेणार?

मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर अर्ज टाकून फारसं कुणी घेत नाही, हे खरं. लहान आणि मध्यम कारखाने घेतात. त्यांना सकाळी वेळेवर येणारा, जीएसटीच्या नोटिशीला न घाबरणारा, गिऱ्हाइकाशी नीट बोलणारा माणूस हवा असतो. त्यांच्या जाहिराती येत नाहीत, त्यांची नोकरी ओळखीतून लागते. मला माझी नोकरी आमच्या भिशीतल्या एका बाईंनी सांगितली. पगार आधीपेक्षा चार हजारांनी कमी. हिंजवडीच्या चौकातले दोन तास मात्र वाचले.

एमपीएससी करू का?

तिशीच्या आत असाल आणि घरून आधार असेल तर दोन प्रयत्न द्या. नोकरी गेली म्हणून पस्तिशीत सुरू करत असाल तर ती तयारी नसते, लपायची जागा असते. रागावू नका.

गावी जाऊन शेती केली तर?

पाणी आहे का, वाटणी झाली आहे का, आणि बायको (किंवा नवरा) यायला तयार आहे का? तिन्हींची उत्तरं "हो" असतील तर पहिलं वर्ष भावाच्या हाताखाली करून बघा. सासरे संपानंतर साताऱ्याकडे गावी गेले होते. तीन वर्षांत परत आले आणि पुण्यात रखवालदारी धरली. दीड एकरात चार भाऊ, एवढंच कारण.

धंदाच करायचा असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनांत प्रकल्पाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा, एजंटला पैसे देऊ नका. पण अनुदान मिळतंय म्हणून धंदा काढू नका.

एआय शिकलं की वाचतो का?

वापरता आलंच पाहिजे, जसं एके काळी एमएस-सीआयटी लागायचं. पण तेव्हाही एमएस-सीआयटीच्या सर्टिफिकेटवर कुणाला नोकरी लागली नाही, नसल्यामुळे अडली मात्र. गल्लोगल्लीच्या टायपिंग इन्स्टिट्यूट आठवा: ४० च्या स्पीडवर मुलींची लग्नं ठरायची. पुढे टाइपरायटर गेले, पण अर्ज कसा लिहायचा, साहेबाला काय हवंय, हे ज्यांना कळत होतं त्या कम्प्युटरवर बसल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या.

घरी कसं सांगू?

त्याच दिवशी सांगा. एक गृहस्थ दोन महिने रोज डबा घेऊन निघायचे आणि निगडीच्या उद्यानात बसायचे. बायकोला कळलं ते शेजारणीकडून. नोकरी गेल्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, डब्याबद्दल मात्र अजून बोलते. पहाटे पाचला उठून करत होती ना.

सांगताना आकडे घेऊन बसा: शिल्लक किती, हप्ता किती, किती महिने निघतील. हप्ता थकण्याआधी बँकेत जा, थकल्यावर नको. मुलांनाही सांगा, त्यांना कळतंच. माझ्या लेकीने दुसऱ्या दिवशी तिचा गल्ला आणून ठेवला. त्यात २१० रुपये आणि एक बंद पडलेलं घड्याळ होतं.

रविवारी येताना काय आणायचं?

नेमणूकपत्र, शेवटच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या, यूएएन, कंपनीकडून आलेलं कुठलंही पत्र किंवा मेलची प्रिंट, आणि ती दोन आठवड्यांची वही. वही भरली नसेल तर कोरी आणा, तिथेच बसून पहिला दिवस लिहू. फी नाही. दहाला सुरू होतं, पण लोक बोलायला लागले की दोन वाजतात, तेव्हा काहीतरी खाऊन या.